मालक एक, नकार दुसऱ्याचा

२४ ऑक्टोबर २००९. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि हिबर्नियन यांचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. रेंजर्सचे व्यवस्थापक वॉल्टर स्मिथ पत्रकारांसमोर बसले, तेव्हा त्यांनी खेळापेक्षा भलतंच काही सांगून टाकलं. आपल्या मते हा क्लब आता बँकच चालवते आहे, असं ते म्हणाले.

स्कॉटलंडमध्ये एकच गदारोळ झाला. लॉइड्स बँकिंग ग्रुपने खुलासा केला, की आम्ही आमच्या कर्जदारांचे व्यवसाय चालवत नाही. कागदोपत्री क्लबचे बहुसंख्य समभाग डेव्हिड मरे यांच्या कंपनीकडे होते. अध्यक्षाच्या खुर्चीत अ‍ॅलिस्टर जॉन्स्टन होते. मग चालवत कोण होतं? पुढचे दीड वर्ष रेंजर्सचे चाहते याच प्रश्नावर एकमेकांशी भांडत राहिले. कुणी म्हणे बँक क्लबचा गळा आवळते आहे. कुणी म्हणे उधळपट्टी मरेंनी केली, बँक फक्त आपले पैसे मागते आहे, त्यात बँकेचं काय चुकलं?

या भांडणात एक आकडा मात्र कुणाच्याच बाजूने नीट बसत नव्हता. २००९ साली रेंजर्सवर सुमारे ३ कोटी १० लाख पौंडांचं कर्ज होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी ते सात-आठ कोटींच्या घरात होतं. कर्ज दुपटीहून जास्त असताना बँकेचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. ते निम्म्यावर आल्यावर मात्र म्हणे क्लब बँकेच्या ताब्यात गेला. असं उलटं का व्हावं?

पैसा हंगामात, खर्च बारा महिने

फुटबॉल क्लबचं अर्थकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला एक सोय आहे. आपल्याकडे सहकारी साखर कारखाने आहेत.

कारखान्याचं गाळप चार-पाच महिने चालतं. पण हंगामाआधी यंत्रांची दुरुस्ती करायची असते, ऊसतोड टोळ्यांना उचल द्यायची असते. त्यासाठी पूर्वहंगामी कर्ज घ्यावं लागतं. साखर तयार होते, पण लगेच विकली जात नाही. शेतकऱ्याला उसाचे पैसे तर द्यायचे असतात. मग गोदामातल्या साखरेवर बँक मालतारण कर्ज देते आणि जुन्या थकबाकीपोटी पोत्यामागे ठरावीक रक्कम कापून घेते. साखर विकली की आधी बँक, मग बाकीचे. वार्षिक सभेत सभासद चेअरमनला धारेवर धरतात, पण दर टनामागे किती उचल देता येईल याचं गणित पुष्कळदा बँकेने साखरेचं मूल्यांकन किती केलं यावर ठरलेलं असतं.

फुटबॉल क्लबचं चक्र असंच. उन्हाळ्यात सीझन तिकिटांचे पैसे एकदम येतात. प्रक्षेपणाचे पैसे हप्त्यांनी येतात. युरोपातल्या स्पर्धेत संघ गेला तर तिथले पैसे येतात, नाही गेला तर येत नाहीत. खर्च मात्र दर महिन्याला ठरलेला. खेळाडूंचे पगार हा त्यातला सर्वांत मोठा भाग, आणि ते करार तीन-चार वर्षांचे असतात. मध्येच कमी करता येत नाहीत. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीपासून पुढचा उन्हाळा येईपर्यंत बहुतेक क्लब ओव्हरड्राफ्टवर दिवस काढतात. यात लाजिरवाणं काही नाही. हंगामी धंद्याला खेळतं भांडवल लागतंच.

अडचण सुरू होते ती युरोपचे पैसे येणारच असं धरून खर्च केला की. ऑगस्ट २००८ मध्ये रेंजर्स चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत लिथुआनियाच्या कौनास संघाकडून हरले. तीन महिन्यांपूर्वी हाच संघ यूएफा कपच्या अंतिम सामन्यात खेळला होता, आणि आता वर्षाच्या अंदाजपत्रकातली मोठी जमा एका रात्रीत पुसली गेली. जानेवारी २००९ मध्ये हुकमी गोल करणारा क्रिस बॉइड बर्मिंगहॅमला विकायची बोलणी झाली. सौदा फिसकटला, बॉइड राहिला. चाहत्यांना आनंद झाला, हिशेबनीसांना झाला असेल असं वाटत नाही.

बँकेच्या हातात नेमकं काय असतं

मालकी आणि ताबा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. समभाग ज्याच्याकडे तो मालक. त्याला संचालक नेमता येतात, काढता येतात, क्लब विकता येतो. बँकेकडे यातलं काहीच नसतं. तिच्याकडे कर्जाचा करार असतो, आणि त्या करारात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात.

पहिली म्हणजे तारण. मैदान, सराव केंद्र, तिकीटविक्रीतून येणारे पैसे, जे काही असेल त्यावर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. दुसरी म्हणजे अटी. कर्ज अमुक मर्यादेपुढे जाता कामा नये, पगाराचं उत्पन्नाशी प्रमाण अमुक असावं, दर तिमाहीला हिशेब दाखवावा, नवं कर्ज किंवा मोठी खरेदी करण्याआधी विचारावं. अट मोडली तर हप्ते वेळेवर भरले असले तरी कर्ज थकल्यासारखंच धरता येतं. तिसरी गोष्ट सर्वांत साधी, आणि चाहत्यांच्या चर्चेत सर्वांत कमी येणारी: तारीख. ओव्हरड्राफ्टची मुदत ठरलेली असते. ती संपली की नव्याने मंजुरी घ्यावी लागते.

त्या मंजुरीच्या वेळी बँक काही हुकूम देत नाही. ती एक योजना मागते. पुढच्या वर्षी खर्च किती, विक्री किती, कर्ज किती घटणार? संचालक योजना देतात. बँक म्हणते, पटत नाही. संचालक दुसरी योजना देतात, त्यात खेळाडूंची खरेदी नसते आणि एखाद्या खेळाडूची विक्री असते. बँक म्हणते, ठीक. कागदावर निर्णय संचालकांचाच राहतो.

> चौकट: पुढे लागणारे काही शब्द
>
> स्थिर बोजा: एखाद्या ठरावीक मालमत्तेवरचा हक्क. उदाहरणार्थ मैदानाची जमीन. बँकेला विचारल्याशिवाय ती विकता येत नाही.
>
> तरता बोजा: कंपनीकडे जे जे आहे आणि पुढे येईल त्या साऱ्यावरचा हक्क. रोजचा व्यवहार चालू असताना तो आड येत नाही. कंपनी अडचणीत आली की तो त्या क्षणी जे काही शिल्लक असेल त्यावर बसतो.
>
> प्रशासक: ब्रिटिश कायद्यानुसार बुडत्या कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून घेऊन चालवणारा, दिवाळखोरीच्या कामाचा परवाना असलेला व्यावसायिक. तरत्या बोजाचा धनको, अटी पूर्ण होत असल्यास, त्याची नेमणूक करू शकतो. प्रशासक आला की लीग त्या क्लबचे गुण कापते.
>
> पुनर्वित्त: एका बँकेचं कर्ज दुसऱ्याकडून कर्ज काढून फेडणं.

‘आम्ही क्लब चालवत नाही’

बँकेचा खुलासा म्हणजे निव्वळ कांगावा, असं रेंजर्सच्या पुष्कळ चाहत्यांना वाटलं. त्याच सुमाराला संचालक मंडळावर आलेल्या एका नव्या संचालकाला ते ‘बँकेचा माणूस’ म्हणू लागले. बँकेने तेही नाकारलं.

नाकारण्यामागे अब्रूपेक्षा कायद्याचं कारण मोठं होतं. ब्रिटनच्या कंपनी कायद्यात छाया-संचालक नावाची कल्पना आहे. जो औपचारिक संचालक नाही, पण ज्याच्या सूचनांनुसार वागण्याची संचालकांना सवय झालेली आहे, तो छाया-संचालक. असं ठरलं तर जबाबदाऱ्याही संचालकाच्या. कंपनी बुडणार हे दिसत असूनही तिने उधारी वाढवत नेली, तर न्यायालय छाया-संचालकालाही भरपाई द्यायला लावू शकतं. त्यामुळे कुठलीही शहाणी बँक “अमुक खेळाडू विका” असं पत्र कधी लिहीत नाही. ती “कर्ज इतकं कमी झालं पाहिजे” एवढंच लिहिते. सल्लागार नेमा असं सुचवते. नेमणूक कंपनी करते, त्याची फी कंपनी भरते.

म्हणजे स्मिथही खरं बोलत होते आणि बँकही. स्मिथ यांना हवा तो खेळाडू घेता येत नव्हता. २००९-१०च्या हंगामात त्यांना बाहेरून मिळालेला खेळाडू म्हणजे जेरोम रोथेन, तोही उसना. जानेवारी २०१० मध्ये स्मिथ आणि त्यांच्या सहाय्यकांचे करार संपले, आणि बाकीचा हंगाम त्यांनी विनाकरार काम केलं. त्या अवस्थेतही त्यांनी लीग जिंकली, आधीच्या वर्षी जिंकली होती आणि पुढच्या वर्षीही जिंकली. बँकेची माणसं आयब्रॉक्सच्या फलकाकडे बघून कर्जवसुलीचं धोरण बरोबर चाललंय असं म्हणत असतील तर त्यांनाही दोष देता येत नाही.

खेळाडू हे चमत्कारिक तारण

बँकेची नजर शेवटी खेळाडूंकडेच का जाते? मैदान तारण आहे, पण आयब्रॉक्स जप्त करून विकणार कुणाला? पन्नास हजार माणसं मावणाऱ्या त्या वास्तूला रेंजर्सखेरीज गिऱ्हाईक नाही. शिवाय ग्लासगो शहराचा मोठा हिस्सा त्या क्लबचा चाहता. त्यांतल्या हजारोंची खाती याच बँकेत. मैदानाला टाळं लावणाऱ्या बँकेच्या शाखांमध्ये दुसऱ्या दिवशी काय झालं असतं?

खेळाडू मात्र विकता येतो, लगेच, रोख. पण त्याची किंमत दिवसागणिक वितळते. क्लबच्या पुस्तकात ती कशी मांडतात ते पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर २००० मध्ये रेंजर्सने चेल्सीकडून तोरे आंद्रे फ्लो या नॉर्वेच्या खेळाडूला १ कोटी २० लाख पौंड देऊन आणलं. अशा खरेदीचा करार पाच वर्षांचा धरला, तर दर वर्षी २४ लाख पौंड खर्च म्हणून दाखवायचे आणि पाचव्या वर्षाअखेर पुस्तकातली किंमत शून्य. ही नुसती हिशेबाची रीत नाही. १९९५च्या बॉसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू युरोपात कुठेही फुकट जाऊ शकतो, त्यामुळे शून्य हे खरंच शून्य असतं. फ्लोला रेंजर्सने दोनच वर्षांत विकलं, साधारण निम्म्या किमतीला.

म्हणून बँकेला खेळाडू लवकर विकलेला हवा असतो आणि व्यवस्थापकाला तो कराराच्या शेवटापर्यंत हवा असतो. दोघांचंही बरोबर, आणि दोघांना एका वेळी मिळणं अशक्य.

कर्ज घटलं, पकड वाढली

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. डेव्हिड मरे यांनी १९८८ मध्ये रेंजर्स घेतला. पोलादाचा व्यापार आणि जमीनजुमला हा त्यांचा मुख्य धंदा, आणि त्या धंद्याला पैसा पुरवणारी बँक म्हणजे बँक ऑफ स्कॉटलंड. रेंजर्सचं कर्ज हे त्या मोठ्या नात्यातलं एक छोटं खातं होतं. मरेंच्या उद्योगसमूहावरचं कर्ज क्लबच्या कर्जाच्या कितीतरी पट होतं. क्लबची तूट वाढली तेव्हा २००४ मध्ये नवे समभाग काढून सुमारे ५ कोटी पौंड उभे केले गेले, आणि त्यांतले बहुतेक मरेंच्याच समूहाने उचलले. बँकेला क्लबच्या परतफेडीच्या ताकदीची फारशी चिंता नव्हती, कारण क्लबमागे मरे उभे होते आणि मरेंमागे चढते जमिनीचे भाव.

२००८ मध्ये यातलं सगळंच एकदम ढासळलं. बँक ऑफ स्कॉटलंड २००१ पासून एचबीओएस समूहाचा भाग होती. जमिनीवर सढळ हाताने दिलेली कर्जं त्या समूहाच्या अंगाशी आली, आणि जानेवारी २००९ मध्ये लॉइड्सने तो समूह घेतला. ब्रिटिश सरकारने आपला पैसा ओतून एकत्रित बँकेचा ४३ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला. नव्या बँकेला जोखमीची कर्जं कमी करून दाखवायची होती. मरेंशी वर्षानुवर्षांची ओळख असलेले जुने अधिकारी बाजूला झाले. आता समोर होता केवळ एक कर्जदार, ज्याचा मालकच अडचणीत होता आणि ज्याचं पुढच्या वर्षीचं उत्पन्न एका पात्रता सामन्यावर टांगलेलं होतं.

मुख्य म्हणजे दुसरी बँक मिळणार नव्हती. त्या वर्षी ब्रिटनमध्ये कुठलीच बँक फुटबॉल क्लबला नवं कर्ज द्यायला उत्सुक नव्हती. कर्जदाराची खरी ताकद त्याच्या ताळेबंदात कमी आणि “नाहीतर मी दुसरीकडे जातो” या वाक्यात जास्त असते. आठ कोटींचं कर्ज असताना मरे ते वाक्य म्हणू शकत होते. तीन कोटींचं असताना रेंजर्सला ते म्हणता येत नव्हतं. बँकेची पकड रकमेतून येत नाही, ती पर्याय नसण्यातून येते. चाहत्यांच्या वादात कर्जाचा आकडा शंभरदा उगाळला गेला, हा मुद्दा मात्र क्वचितच आला.

वादाला ग्लासगोचा खास मसालाही होता. मार्च १९९४ मध्ये याच बँक ऑफ स्कॉटलंडने सेल्टिकला, म्हणजे रेंजर्सच्या हाडवैऱ्याला, ओव्हरड्राफ्टपायी दिवाळखोरीच्या दारात उभं केलं होतं. फर्गस मकॅन या उद्योजकाने पैसे भरले तेव्हा मुदत संपायला काही मिनिटंच उरली होती, असं ग्लासगोत आजही सांगतात. त्यामुळे सेल्टिकचे चाहते म्हणत, आम्हाला ५० लाखांच्या मर्यादेवर धरलंत आणि त्यांना कोटी कोटी दिलेत. रेंजर्सचे म्हणत, आता सूड उगवला जातोय. आणि बँकेत सरकारचा पैसा आल्यावर तर दोन्हीकडच्या करदात्यांना बोलायचा हक्क मिळाला. यात कटकारस्थान शोधायची गरज नाही असं मला वाटतं. १९९४ मधला सेल्टिक आणि २००९ मधला रेंजर्स यांच्यात एकच साम्य होतं: दोघांनाही दुसरीकडे जायला जागा नव्हती.

लिव्हरपूल: बँकेच्या बाजूने उभे राहिलेले चाहते

ग्लासगोत बँकेला शिव्या पडत होत्या, त्याच वेळी साडेतीनशे किलोमीटरवर लिव्हरपूलमध्ये चाहते बँकेला विनवत होते, की कर्जाची मुदत कृपा करून वाढवू नका.

टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकी जोडीने फेब्रुवारी २००७ मध्ये लिव्हरपूल घेतला, तो मुख्यतः उसन्या पैशांनी. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि अमेरिकेची वाकोव्हिया यांच्याकडून ३५ कोटी पौंडांचं पुनर्वित्त घेतलं, आणि त्याचा मोठा भार क्लबवर व क्लबच्या पालक कंपनीवर पडला. २००८-०९ या वर्षात पालक कंपनीचं व्याज ४ कोटी पौंडांच्या आसपास गेलं, म्हणजे दिवसाला एक लाखाहून जास्त. रेंजर्सचं कर्ज निदान संघासाठी झालं होतं. लिव्हरपूलच्या चाहत्यांना आपलाच क्लब दुसऱ्याने विकत घेतल्याची किंमत फेडावी लागत होती.

‘स्पिरिट ऑफ शँकली’ ही चाहत्यांची संघटना २००८ मध्ये उभी राहिली. मालकांना ओरडून काढता येत नाही, हे तिच्या लोकांना लवकर उमगलं. मालकांना काढू शकेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कर्जाची तारीख. मग त्यांनी रॉयल बँकेकडे आणि हिक्स जिथे जिथे पुनर्वित्तासाठी जात होते त्या कंपन्यांकडे पत्रांचा आणि ई-मेलचा मारा केला.

एप्रिल २०१० मध्ये मुदत वाढवून देताना बँकेने अट घातली: नवा अध्यक्ष येईल, तो क्लब विकायला काढेल, आणि संचालक मंडळात बदल करायचा अधिकार फक्त त्याला असेल. ब्रिटिश एअरवेजचे अध्यक्ष मार्टिन ब्रॉटन आले. ते स्वतः चेल्सीचे चाहते, ही गंमत लिव्हरपूलकरांनी त्या परिस्थितीत पोटात घातली. पाच जणांच्या मंडळात दोन मालक, तीन बाकीचे. ऑक्टोबरमध्ये तिघांनी न्यू इंग्लंड स्पोर्ट्स व्हेंचर्स या अमेरिकी समूहाला क्लब ३० कोटी पौंडांना विकायचं ठरवलं. हिक्स यांनी त्या तिघांतल्या दोघांना काढून आपली माणसं बसवायचा प्रयत्न केला. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. १३ ऑक्टोबरला न्यायालयाने सांगितलं, की तुम्ही बँकेला लिहून दिलं आहे, मंडळ बदलायचा हक्क तुमचा राहिलेला नाही. हिक्स यांनी टेक्ससमधल्या न्यायालयातून मनाई हुकूम आणला, तोही टिकला नाही. १५ ऑक्टोबरला विक्री झाली. रॉयल बँकेच्या कर्जाची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

इथे बँकेने छाया-संचालक होण्याचं टाळून तेच साधलं. तिने मालकांना काढलं नाही. स्वतःला काढू शकेल असा माणूस मालकांनीच नेमावा, एवढी व्यवस्था केली, आणि ती मुदतवाढीच्या बदल्यात. विक्री फसली असती तर पुढची पायरी प्रशासकाची होती, आणि तेव्हाच्या प्रीमियर लीगच्या नियमाने ९ गुण गेले असते. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्ट्समथचे तसे गेले होते.

बँक गेली, मग?

रेंजर्सच्या चाहत्यांची इच्छा ६ मे २०११ ला पूर्ण झाली. क्रेग व्हाइट नावाच्या उद्योजकाने मरेंचे ८५ टक्के समभाग एका पौंडाला घेतले आणि लॉइड्सचं उरलेलं १ कोटी ८० लाखांचं कर्ज फेडलं. संचालक मंडळाच्या स्वतंत्र समितीने त्यांच्या पैशांबद्दल जाहीर शंका व्यक्त केली होती. पण बँक जातेय या आनंदात ती फारशी कुणाला ऐकू आली नाही.

पैसे आले होते टिकेटस नावाच्या कंपनीकडून. तिला व्हाइट यांनी आयब्रॉक्सची पुढच्या काही हंगामांची सीझन तिकिटं आधीच विकली होती, दोन कोटी पौंडांहून अधिक रकमेला. हा व्यवहार नीट पाहा. कर्ज फिटलं नव्हतं. बँकेचं कर्ज जाऊन त्या जागी चाहत्यांनी अजून न भरलेले पैसे गहाण पडले होते. बँकेचा तरता बोजाही विरून गेला नाही. बँकेचे पैसे भागवून तो व्हाइट यांच्या कंपनीने स्वतःच्या नावे करून घेतला. धनकोच्या खुर्चीत आता मालकच बसला होता, आणि त्याला तिमाही हिशेब मागणारं कुणीही उरलं नव्हतं.

काही महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला आयकर सरकारकडे जाणं थांबलं. थकबाकी ९० लाख पौंडांच्या आसपास गेली. १४ फेब्रुवारी २०१२ ला प्रशासक आले, लीगमधले १० गुण गेले. जूनमध्ये करखात्याने तडजोडीचा प्रस्ताव फेटाळला. मैदान, नाव आणि बाकी मालमत्ता ५५ लाख पौंडांना नव्या कंपनीकडे गेली, आणि पुढच्या हंगामात रेंजर्स स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीत खेळला. व्हाइट यांच्यावर क्लबच्या खरेदीबद्दल फसवणुकीचा खटला चालला, त्यात २०१७ मध्ये ते निर्दोष सुटले. लॉइड्सला तिचे पैसे पूर्ण मिळाले होते. करखातं, टिकेटस आणि अनेक लहान धनकोंना तसे मिळाले नाहीत.

बँकेने दिलेला जाच खरा होता. तिनेच आधी सढळ हाताने पैसे दिले हेही खरं. पण मालकाला दर तीन महिन्यांनी हिशेब विचारणारी ती क्लबमधली एकमेव संस्था होती, आणि तिला हाकलण्याच्या घाईत तिची जागा कोण घेणार हे विचारायचं राहून गेलं.

एडिंबरो आणि पुणे

बँक आणि मालक एकच असतील तर? एडिंबरोच्या हार्ट्सने हे पाहिलं. २००५ पासून क्लबचा ताबा लिथुआनियातले व्लादिमीर रोमानोव्ह यांच्याकडे होता, आणि कर्ज त्यांच्याशी जोडलेल्या उकिओ बँकेचं. मुदतीला नकार देणारं कुणी नव्हतं, त्यामुळे कर्ज फुगत राहिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिथुआनियात ती बँकच बुडाली, जूनमध्ये हार्ट्सवर प्रशासक आले, आणि मैदानावरचा बोजा एका बुडालेल्या परदेशी बँकेच्या अवसायकाकडे गेला. क्लब वाचवला तो चाहत्यांच्या ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ने आणि अ‍ॅन बज या उद्योजिकेने मिळून. हजारो चाहत्यांनी दरमहा आपल्या खात्यातून ठरावीक रक्कम दिली. बज यांनी आधी घातलेले पैसे त्यातून फिटत गेले, आणि २०२१ मध्ये बहुसंख्य समभाग फाउंडेशनकडे आले.

पुण्याच्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये घेतलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सची गोष्ट आणखी निराळी आहे. संघ २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून उतरला आणि चाहत्यांनी मालकांवर रागाने आग पाखडली. पण दर वर्षीची तूट मालकांनीच भरून काढली. क्लबचं देणं वाढत दहा कोटी पौंडांच्या पुढे गेलं, ते मुख्यतः पुण्याच्या पालक समूहाला. अशा कर्जाला अटी नाहीत, घाईची तारीख नाही. धोका एकच, पुण्याहून पैसे यायचे थांबले तर काय? २०२३ मध्ये तो प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. परवानगी देताना न्यायालयाने बँक हमी मागितली, आणि लँकेशरच्या वर्तमानपत्रांत क्रीडा पानावर दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा छापून येऊ लागल्या.